‘मी निघालो, येतंय कोण?’ : गव्हर्नर गाल्वेसच्या वाटेने गॅल्व्हस्टन ते पेन्साकोला

ह्यूस्टनमधल्या मराठी घरात भारतातून पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणी न्यावंच लागतं. एक नासाचं अवकाश केंद्र आणि दुसरं गॅल्व्हस्टनचा समुद्र. समुद्र म्हणाल तर कोकण पाहिलेल्या माणसाने नाक मुरडावं असाच. पाणी मातकट, वाळू करडी. तरी सगळे जातात, कारण ऐंशी किलोमीटरच्या आत दुसरा समुद्र नाही.

या बेटाला, त्यामागच्या खाडीला आणि समुद्रासमोरच्या १९११ सालच्या भव्य हॉटेलाला ज्याचं नाव आहे तो बेर्नार्दो दे गाल्वेस, स्पेनच्या लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर. त्याने या बेटावर कधी पाऊलही ठेवलं नाही. होसे दे एव्हिया नावाच्या दर्यावर्दीने १७८५-८६ मध्ये आखाताच्या किनाऱ्याची पाहणी करून नकाशे काढले आणि इथल्या खाडीला साहेबांचं नाव देऊन टाकलं. साहेब तेव्हा मेक्सिकोत व्हाइसरॉय होते. वरिष्ठांचं नाव देऊन मोकळं व्हायची रीत सगळ्या सरकारी खात्यांत सारखीच.

या खेपेला आमच्याकडे सासरे आले होते. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेला माणूस. त्यांना समुद्रात रस नव्हता, समुद्र थोपवणाऱ्या भिंतीत होता. १९०० सालच्या चक्रीवादळात या बेटावर सहा हजारांहून जास्त माणसं मेली. त्यानंतर सतरा फूट उंचीची भिंत बांधली आणि मागचं शहर चक्क वर उचललं. घरं जॅकवर चढवली, खाली समुद्रातली वाळू पंपाने भरली. बाबा भिंतीच्या कठड्याशी उकिडवे बसून काँक्रीटवर हात फिरवत होते. मी त्यांना गव्हर्नरची माहिती सांगायला लागले तर म्हणाले, “अगं, त्याने इथे काही केलंच नाही म्हणतेस ना? मग जिथे केलं तिकडे चल की.”

एका लांब वीकेंडला रजा जोडून आम्ही तिघं निघालो. नवरा गाडीवर, मी नकाशावर, बाबा मागच्या सीटवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन. आय-टेन हा महामार्ग ह्यूस्टनहून सरळ पूर्वेला जातो आणि गाल्वेसच्या इंग्रजांविरुद्धच्या मोहिमेची जवळपास सगळी ठिकाणं त्याच्याच आसपास आहेत.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म २३ जुलै १७४६, दक्षिण स्पेनमध्ये मालागाजवळच्या माचाराव्हियाया नावाच्या डोंगराळ खेड्यात. घराणं खानदानी म्हणायचं, पण पैशाने यथातथाच. त्यांचं नशीब उघडलं ते होसे दे गाल्वेस या काकामुळे. वकिली करत करत हा माणूस दरबारात शिरला, मेक्सिकोत राजाचा खास तपासनीस म्हणून गेला आणि १७७६ मध्ये थेट वसाहतींचा मंत्री झाला. त्यानंतर गाल्वेस कुटुंबात एकही माणूस बिनपदाचा राहिला नाही. बेर्नार्दोचे वडील मातियास ग्वातेमालाचे प्रमुख झाले, पुढे मेक्सिकोचे व्हाइसरॉय. आणि १ जानेवारी १७७७ पासून, वयाच्या तिसाव्या वर्षी, बेर्नार्दो लुइझियानाचा गव्हर्नर. वशिला होता यात वाद नाही. पण वशिल्याने खुर्ची मिळते, पुढचं ज्याचं त्याने बघायचं असतं.

त्याआधी त्याने मार खाल्लेला होता. विशीतच तो मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर अपाचे या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांशी लढायला गेला. १७७० च्या हिवाळ्यात पेकोस नदीपाशी, आजच्या पश्चिम टेक्ससमध्ये, त्याच्या तुकडीचं धान्य संपत आलं होतं, थंडी होती आणि शिपाई परत जायची भाषा करत होते. तेव्हा तो म्हणाला, ज्यांना जायचंय त्यांनी जावं, मी एकटा पुढे जातो. आणि घोडा नदीत घातला. सगळे मागून आले.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे आणखी दोनदा येणार आहे.

लुइझियानात शिरल्यावर रस्ता अचाफलायाच्या दलदलीवर चढतो. जवळपास तीस किलोमीटर पूलच पूल, खाली काळं पाणी आणि त्यातून उगवलेली सायप्रसची झाडं, बुंध्याशी फुगलेली. बाबा चटणीचा डबा विसरून काचेला नाक लावून बसले. याच प्रांतात, मिसिसिपीच्या कडेकडेने, १७७९ च्या ऑगस्टअखेर गाल्वेस सैन्य घेऊन पायी निघाला होता. आम्ही एसी लावून चाललो होतो तरी पेट्रोल पंपावर उतरल्यावर दोन मिनिटांत कपडे अंगाला चिकटले.

पण न्यू ऑर्लिन्स आधी. तिथे गाल्वेसचं घर, कचेरी असं काही दाखवायला नाही. १७८८ आणि १७९४ मध्ये गाव दोनदा जळलं आणि आज ज्याला सगळे ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणतात ते बरंचसं त्यानंतर स्पॅनिश अमलात उभं राहिलं. कॅथीड्रलशेजारची काबिल्दो ही देखणी सरकारी इमारत १७९५ ते १७९९ मधली. गाल्वेसने पाहिलेली म्हणता येईल अशी मोठी वास्तू म्हणजे उर्सुलाइन जोगिणींचा मठ, तो फ्रेंचांच्या काळातला. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर मात्र भिंतीत बसवलेल्या रंगीत फरशा दिसतात. स्पॅनिश राजवटीत या रस्त्याचं नाव ‘काये रेआल’ होतं, त्या रस्त्याचं ‘काये दे बोर्बोन’ होतं, असं त्यांवर लिहिलेलं. रात्री त्या फरशीखाली उभं राहून लोक प्लॅस्टिकच्या ग्लासातून काहीबाही पीत असतात.

इथली परिस्थिती नव्या गव्हर्नरला अवघड होती. गाव फ्रेंचांचं, मालक स्पेन. १७६२ मध्ये फ्रान्सच्या राजाने अख्खा प्रांत स्पेनच्या राजाला देऊन टाकला, रहिवाशांना न विचारता. लोकांनी १७६८ मध्ये पहिल्या स्पॅनिश गव्हर्नरला पळवून लावलं. दुसऱ्या वर्षी स्पेनने धाडलेल्या ओ’रायली या सेनापतीने पुढाऱ्यांपैकी पाच जणांना गोळ्या घातल्या. त्या जखमा अजून ओल्या होत्या. गाल्वेस काही काळ फ्रान्सच्या सैन्याबरोबर राहिलेला, त्याला फ्रेंच उत्तम येत होतं. त्याने आल्या वर्षीच इथल्या फेलिसिते द सां-माक्सां या तरुण विधवेशी लग्न केलं. वसाहतीतल्या मुलीशी लग्न करायला अधिकाऱ्याला राजाची परवानगी लागायची. गाल्वेस आजारी पडला होता. माणूस मरणाच्या दारात आहे म्हटल्यावर परवानगीवाचून लग्न लावता येतं, तसं ते नोव्हेंबर १७७७ मध्ये लावलं. नवरदेव नंतर ठणठणीत बरा झाला. आजार खराच असेल, पण वेळ मोठी सोयीची साधली. सासरा गावातला बडा व्यापारी, आधीचा गव्हर्नर उन्सागा हा साडू. एका लग्नात फ्रेंच गाव अर्धं आपलं झालं.

जॅक्सन स्क्वेअर ही तेव्हाची प्लासा दे आर्मास, कवायतीचं मैदान. आज मधोमध अँड्र्यू जॅक्सनचा घोडा, कडेला हात बघणाऱ्या बायका आणि ट्रम्पेटवाले. तिथून पायऱ्या चढून वर गेलं की नदी दिसते. नदीकडे जायला वर चढावं लागतं हे बाबांना कळेना, मग कळलं आणि ते हरखले. बांधाच्या एका अंगाला मिसिसिपी, दुसऱ्या अंगाला तिच्याहून खाली बसलेलं गाव. “हे म्हणजे कालव्याच्या पोटाखाली वस्ती,” म्हणाले, आणि मग बराच वेळ बांधाचा उतार पावलांनी मोजत राहिले.

हे मैदान मला बघायचं होतं ते १७७९ च्या ऑगस्टसाठी. स्पेनने जूनमध्ये इंग्लंडशी युद्ध पुकारलं होतं. बातमी गाल्वेसकडे होती, गावाला ठाऊक नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला मँचॅक, बॅटन रूज, नॅचेझ इथे इंग्रजांची ठाणी. ते खाली उतरण्याआधी आपण वर चढायचं, असं त्याने ठरवलं आणि गुपचूप होड्या गोळा केल्या. १८ ऑगस्टला चक्रीवादळ आलं. होड्या बुडाल्या, घरं पडली, पिकं झोपली. हाताशी होतं नव्हतं ते गेलं.

त्याने लोकांना या मैदानात बोलावलं. युद्ध पेटल्याचं सांगितलं. मग म्हणाला, राजाने मला पूर्ण गव्हर्नर म्हणून नेमल्याचा हुकूम आलाय (तोवर तो हंगामी होता), पण शपथ घ्यायची तर प्रांत राखीन असं वचन द्यावं लागेल, आणि तुम्ही माझ्याबरोबर उभे राहणार नसाल तर ते मी कसं देऊ? ज्या लोकांनी एका स्पॅनिश गव्हर्नरला हाकललं होतं, त्यांनीच याला ‘शपथ घ्या’ म्हणून ओरडून सांगितलं. पेकोस नदीचाच डाव, फक्त या वेळी घोड्याऐवजी हुकुमाचा कागद.

२७ ऑगस्टला साधारण ६७० माणसं घेऊन तो निघाला. वाटेत भर पडत चौदाशेच्या वर गेली. ही फौज वाचताना मी प्रत्येक वेळी थबकते. स्पेनचे पगारी शिपाई थोडे, मेक्सिकोहून आलेले नवशिके रंगरूट, कॅनरी बेटांवरचे शेतकरी, नदीकाठचे जर्मन, इंग्रजांनी कॅनडातून हुसकावलेले अकेडियन फ्रेंच, इथल्या मूळ टोळ्यांतले लोक, काही अमेरिकन आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या पलटणी. अकेडियनांना तर इंग्रजांवर जुना हिशेब चुकवायचाच होता. ज्या प्रांतात गुलामगिरी राजरोस चालू होती तिथे मुक्त काळ्या माणसांच्या हाती बंदुका देऊन गव्हर्नर त्यांना सोबत नेतो, नंतर त्यांची तारीफ करून पदकं मिळवून देतो. गुलामगिरीला मात्र तो हात लावत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

एवढ्या तोंडांना खायला काय? इथे आमच्या टेक्ससचा संबंध येतो. सॅन अँटोनिओ नदीकाठच्या मिशनांच्या कुरणांत लांब शिंगांची गुरं मोकाट वाढली होती. १७७९ ते १७८२ दरम्यान त्यातली हजारो गुरं हाकत हाकत लुइझियानात नेली गेली. टेक्ससमध्ये काउबॉयचं एवढं कौतुक, पण गुरांचे ते तांडे हाकणारे पहिले लोक स्पॅनिश बोलत होते आणि बीफ एका स्पॅनिश गव्हर्नरच्या सैन्याला जात होतं, हे इथल्या रोडिओत कुणी सांगत नाही.

बॅटन रूजला आम्ही फार थांबलो नाही. किल्ला उरलेलाच नाही. पेंटॅगॉन बराकी नावाच्या जुन्या लष्करी इमारती आहेत, त्यांच्याच आसपास तो होता. गोष्ट मात्र बाबांना इतकी आवडली की त्यांनी ती त्या रात्री फोनवर सांगलीला कुणाला तरी पुन्हा सांगितली. इंग्रजांचा मातीचा भक्कम किल्ला, बाहेर खंदक, आत चारशेच्या वर शिपाई आणि तोफा. थेट हल्ला केला असता तर गाल्वेसची ती शेतकऱ्यांची फौज कापली गेली असती. त्याने रात्री एका बाजूच्या झाडीत माणसं पाठवली. त्यांनी झाडं तोडायची, आरडाओरडा करायचा, तोफा तिथेच मांडताहेत असं भासवायचं. इंग्रज रात्रभर त्या झाडीवर गोळे टाकत बसले. खऱ्या तोफा दुसऱ्या बाजूच्या बागेत निवांत बसवल्या गेल्या. २१ सप्टेंबरला सकाळी त्या सुरू झाल्या आणि काही तासांत पांढरं निशाण वर आलं. वर नॅचेझचा किल्लाही त्याच तहात पदरात पाडून घेतला, तिथे एक गोळीही न झाडता. “कात्रजचा घाट दाखवला की!” बाबा म्हणाले.

आणि मग त्यांनीच तारीख काढली. १७७९? म्हणजे वडगाव. त्याच वर्षी जानेवारीत, पुण्यावर चालून आलेली कंपनीची फौज महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडली आणि तिला तह करून परत जावं लागलं. सप्टेंबरात मिसिसिपीकाठी इंग्रजांवर तीच पाळी. दोन्हीकडे एकमेकांची नावंही ठाऊक नसणार, पण हे सुटे प्रसंग नव्हेत. अमेरिकन वसाहती उठल्या, १७७८ मध्ये फ्रान्स आणि मग स्पेन युद्धात पडला आणि इंग्रजांना बोस्टनपासून मुंबईपर्यंत सगळीकडे एकदमच माणसं कमी पडायला लागली. सां-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. शाळेत आपण ‘पहिलं इंग्रज-मराठा युद्ध’ वेगळं शिकलो आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध वेगळं. दोन धडे, दोन इयत्ता.

पुढचं इंग्रज ठाणं मोबिल, आजच्या अलाबामात. तिथे फोर्ट काँडे आहे, म्हणजे जुन्या किल्ल्याची छोट्या मापाची नवी प्रतिकृती. १७८० च्या फेब्रुवारीत गाल्वेसची जहाजं इथल्या खाडीच्या तोंडाशी वादळात आणि वाळूत अडकून फुटली, तर त्याने फुटक्या जहाजांच्या लाकडाच्या शिड्या करून घेतल्या. इंग्रज किल्लेदार डर्नफर्डशी त्याची निरोपांची देवाणघेवाण वाचण्यासारखी आहे. एकाने वाइन, कोंबड्या, मटण पाठवायचं, दुसऱ्याने उलट बोर्दोची वाइन, संत्री आणि क्यूबाचे सिगार. सोबत ‘शरण या’, ‘येत नाही’. १४ मार्चला किल्ला पडला.

फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला पोचलो तेव्हा पहिल्यांदा या प्रवासात समुद्र समुद्रासारखा दिसला. साखरेसारखी पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी. आमचं इथे बाकी सगळं विसरायला झालं असतं, पण माझा हट्ट होता की आधी खाडीचं तोंड बघायचं.

सांता रोसा हे लांबलचक, चिंचोळं बेट समुद्राला समांतर पसरलंय. त्याच्या पश्चिम टोकाशी उभं राहिलं की समोर मुख्य जमिनीवर तांबूस कडा दिसतात. मधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच जहाजं आत जाऊ शकतात. त्या कड्यांवर इंग्रजांच्या तोफा होत्या, आणि पाण्याखाली वाळूचा दांडा, किती खोल ते कुणाला नक्की माहीत नाही. ऑक्टोबर १७८० मध्ये पेन्साकोलावर निघालेलं अख्खं आरमार चक्रीवादळाने उधळलं होतं. पाच महिन्यांनी, ९ मार्च १७८१ ला, गाल्वेस पुन्हा निघून या बेटावर उतरला. आरमाराचा प्रमुख होता काल्वो. त्याचं मोठं जहाज आत शिरताना तळाला घासलं आणि त्याने साफ सांगितलं की मी जहाजं आत घालणार नाही. एका परीने त्याचं बरोबर होतं. जहाज बुडालं असतं तर राजाला जाब त्याला द्यावा लागला असता, गव्हर्नरला नव्हे.

भांडण चिघळलं. गाल्वेसने काल्वोला तोफेचा एक गोळा पाठवला, कड्यावरच्या इंग्रज तोफेतून आलेला. निरोप असा की ज्याच्यात धमक असेल त्याने माझ्यामागे यावं, मी ‘गाल्वेस्तौन’ घेऊन पुढे निघतोय. हे त्याचं स्वतःचं छोटं गलबत, आरमाराच्या हुकमाखाली न येणारं. १८ मार्चच्या दुपारी त्याने आपलं निशाण वर चढवलं, तोफांची सलामी दिली, म्हणजे आत कोण आहे हे इंग्रजांना नीट कळावं, आणि शिडं सोडली. कड्यावरून गोळे आले. शिडांना भोकं पडली, दोर तुटले, माणूस एकही दगावला नाही. दुसऱ्या दिवशी काल्वोचं जहाज सोडून बाकी सगळं आरमार आत आलं. राजाने नंतर त्याला मानचिन्हावर दोन शब्द मिरवायची परवानगी दिली: ‘यो सोलो’, मी एकटा.

पेन्साकोलात हे शब्द सर्वत्र भेटतात. पॅलाफॉक्स स्ट्रीटवर २०१८ मध्ये बसवलेल्या पुतळ्यात गाल्वेस घोड्यावर स्वार, हॅट हातात उंच धरलेली. मला पुतळा आवडला, पण ‘एकटा’ काही पटत नाही. त्या दुपारीसुद्धा त्याच्यामागे त्याचा साडू रियान्योची एक नाव आणि दोन तोफनौका होत्याच. त्यानंतर मोबिलहून एस्पेलेता शेकडो माणसं घेऊन जमिनीवरून आला. न्यू ऑर्लिन्सहून चौदाशेच्या आसपास आले. एप्रिलमध्ये हवानाहून सोलानोचं मोठं आरमार आलं, त्यात फ्रेंचही होते. सगळे मिळून सात हजारांच्या वर. पेकोसवर, न्यू ऑर्लिन्सच्या मैदानात आणि इथे, तिन्हीकडे त्याने एकच केलं: मी निघालो, येतंय कोण, म्हणून विचारलं. माणसांना लाज कुठे वाटते आणि चेव कशाने येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकट्याने जाण्याची गरज त्याला कधी पडलीच नाही, आणि तेच त्याचं खरं कसब.

फोर्ट जॉर्ज या इंग्रजांच्या किल्ल्याची जागा त्याच रस्त्यावर चढावर आहे. उतारावर लहानसा बगीचा, मातीचा बुरूज पुन्हा रचलेला, दोन-तीन तोफा, गाल्वेसचा अर्धपुतळा. बाजूला वकिलांच्या कचेऱ्या. तोफेवर एक मुलगा बसून चिप्स खात होता. ८ मे १७८१ च्या सकाळी स्पॅनिश तोफेचा एक गोळा इथून जवळच्या ‘क्वीन्स रिडाउट’ या बाहेरच्या बुरुजाच्या दारूकोठारात पडला. शंभराच्या आसपास माणसं एका क्षणात गेली. दुपारपर्यंत पांढरं निशाण. गव्हर्नर चेस्टर आणि जनरल कॅम्पबेल दोघेही कैद, पश्चिम फ्लोरिडा स्पेनचं. गाल्वेसला एप्रिलमध्येच हाताला आणि पोटाला गोळी लागली होती. पकडलेल्या अकराशेच्या आसपास सैनिकांना त्याने न्यूयॉर्कला, म्हणजे इंग्रजांच्याच ताब्यातल्या शहरात जाऊ दिलं, यावर अमेरिकन चिडले. तेव्हापासूनची तक्रार आहे ही: मदत भरपूर केलीत, पण आमच्यासाठी केली नाहीत. खरंच आहे. १७७७ पासून न्यू ऑर्लिन्समधून बंडखोरांना दारूगोळा, कापड, पैसा वर जात होता, ऑलिव्हर पोलॉक या आयरिश व्यापाऱ्यामार्फत. त्यात पोलॉकचं दिवाळं निघालं. गाल्वेसला मात्र इंग्रजांना आखातातून घालवायचं होतं, अमेरिकेत प्रजासत्ताक व्हावं म्हणून स्पेनच्या राजाचा गव्हर्नर कशाला झुरेल?

पोलॉकने १७८३ मध्ये गाल्वेसचं चित्र अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, भेट दिलं. ते लावायचं ठरलं, आणि राहून गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसदभवनात त्याचं चित्र एकदाचं लागलं आणि त्याच महिन्यात त्याला अमेरिकेचं मानद नागरिकत्व मिळालं. हा मान मिळालेल्या मोजक्या माणसांत चर्चिल आहेत, आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसा आहेत. २३१ वर्षं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

गोष्टीचा शेवट मेक्सिकोत आहे. तिथे मी नंतर एका कामानिमित्त गेले तेव्हा चापुल्तेपेकच्या टेकडीवर चढले. वरचा वाडा गाल्वेसने १७८५ मध्ये व्हाइसरॉय झाल्यावर सुरू केलेला, आता राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय. तिथे त्याचं एक विलक्षण चित्र आहे, १७९६ चं, दोन साधूंनी केलेलं. चेहरा आणि हात नेहमीसारखे रंगवलेले. घोडा मात्र सगळा पांढऱ्या रेघांचा, बोरूने गिरवल्यासारख्या सुटलेल्या वेलांट्या आणि गाठी. जवळ जाऊन पाहिलं तर घोडा उरतच नाही, नुसत्या रेघा. दोन पावलं मागे आलं की पुन्हा उधळायला तयार.

मेक्सिकोत तो लोकांचा फार लाडका झाला. आल्या आल्याच कडाक्याच्या थंडीने पीक गेलं, १७८५-८६ चा मोठा दुष्काळ पडला. त्याने स्वतःचे पैसे घातले, श्रीमंतांकडून काढले, कामं काढून लोकांना मजुरी दिली. एकदा फाशीच्या मिरवणुकीपाशी घोडा थांबवून कैद्यांना जीवदान दिलं, ते वरच्या लोकांना खटकलं. आणि याच माणसाने १७८६ मध्ये उत्तर सीमेवरच्या अपाच्यांबद्दल एक लेखी हुकूम काढला, जो वाचल्यावर पेन्साकोलाचा पुतळा मला पुन्हा पूर्वीसारखा बघता आला नाही. त्यात लिहिलंय की त्यांच्याशी तह करा, त्यांना भेटी द्या. दारू द्या, म्हणजे सवय लागेल. बंदुका द्या, पण लांब नळीच्या आणि कच्च्या बनावटीच्या, म्हणजे मोडत राहतील आणि दुरुस्तीला आपल्याच दारी यावं लागेल. धनुष्याची त्यांची सवय सुटू द्या. जे ऐकणार नाहीत त्यांच्यावर युद्ध चालूच ठेवा. विशीत त्यांचेच भाले अंगावर घेतलेला माणूस हे लिहितो. माणसांना कशाने चेव येतो हे ज्याला कळतं, त्याला ती कशाने खिळखिळी होतात हेही कळतं.

३० नोव्हेंबर १७८६ ला ताकुबायामध्ये तो आजारपणात वारला. वय चाळीस. बायको गरोदर होती. ज्या सान फेर्नान्दो चर्चमध्ये दोन वर्षांपूर्वी वडिलांना पुरलं होतं तिथेच त्यालाही पुरलं. चर्चलगतच्या दफनभूमीत मेक्सिकोचा गाजलेला राष्ट्राध्यक्ष बेनितो ह्वारेस याची समाधी आहे, शाळेच्या सहली तिकडे जातात.

कुणाला हा रस्ता करायचा असेल तर ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साधारण ५६० किलोमीटर, तिथून पेन्साकोला ३२०. न्यू ऑर्लिन्सजवळ सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये कॅनरी बेटांवरून गाल्वेसच्या काळात आलेल्या लोकांचं छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. त्या परगण्याचं नावही त्याच्याच नावाच्या संतावरून. शाकाहारी असाल तर गंबो या इथल्या दाट रश्शात भेंडी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, खाली कोळंबी असतेच. पेन्साकोलाच्या त्या तांबूस कड्यांवरचा फोर्ट बॅरँकास बघायचा तर तो नौदलाच्या तळावर आहे, बाहेरच्यांना आत सोडण्याचे नियम बदलत असतात, आधी चौकशी करा. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. ते वादळांचे महिने, गव्हर्नरसाहेबांचे त्यात दोन ताफे गेले.